पाणथळ राखा, गोडे पाणी राखा



पेण आणि रोहा तालुक्यांत पाऊस उदंड पडतो. तरीही होळी झाली की खारेपाटात पाण्याची ओरड सुरू होते. विहीर खोदावी तर पाणी मचूळ लागते. म्हणून तळ्यात साठलेले पावसाचे पाणी फार मोलाचे. ते राखण्याचे काम पाणथळ जमीन करते, आणि आपण तिला निरुपयोगी चिखल समजून तिच्यावर भराव टाकतो. आज या पाणथळीविषयी आणि तिथल्या फुलझाडांविषयी माहिती घेऊ.

पहिली पाणथळ बाहेरकाठ्यापलीकडची. अंबा नदी, धरमतरची खाडी आणि रोह्याखाली कुंडलिकेची खाडी, यांच्या काठाने तिवर, चिपी आणि मारांडी वाढते. काटेरी पानांची, निळ्या-जांभळ्या फुलांची मारांडी आपल्या ओळखीचीच आहे. उधाणाची लाट या झाडीत शिरली की तिचा जोर मोडतो, गाळ तिथेच बसतो आणि बांधाचा पायथा टिकतो. झाडी तोडली की लाटेचा मार थेट बांधावर बसतो. मग खांड जाते आणि खारे पाणी भातात शिरते, तळ्यातही शिरते.

मात्र या झाडीची जागा बांधाबाहेर आहे. खांड वेळेवर बुजवली नाही, तर दोन-चार वर्षांत तिवर शेतातच रुजते. कांदळवन तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली मनाई केली आणि २०१८ च्या निकालात ती कायम ठेवली. म्हणजे शेत गेल्यावर कोयता चालवता येत नाही. पूर्वी गावकरी जोळ पद्धतीने एकत्र येऊन बांधबंदिस्ती करीत. ती तत्परता आजही हवी.

दुसरी पाणथळ गोड्या पाण्याची : तळ्याचा उथळ काठ, ओहोळ, खाचरांखालचा सखल भाग. येथे पाणकणीस, लव्हाळा आणि पांढरी कुमुदे दिसतात. पावसाळा सरता सरता काटेरी तालीमखाना जांभळा फुलतो. या झाडोऱ्यात पाणी संथ होते आणि गाळ खाली बसतो. शेतातून वाहून आलेल्या युरियाचे नत्र मुळे शोषून घेतात. उरलेल्यातले काही नत्र चिखलातले सूक्ष्म जीवाणू वायुरूपाने हवेत सोडतात. हेच नत्र थेट तळ्यात गेले तर शेवाळ माजते. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि तळ्यात पाळलेला जिताडा मरतो.

प्रत्येक फूल मात्र उपकारी नसते. जलपर्णीचे फूल देखणे, पण ही वनस्पती दक्षिण अमेरिकेतून आलेली आहे. ती सारे तळे झाकून टाकते. दिसताच मुळासकट काढा, काठापासून दूर खड्ड्यात टाकून तिचे कंपोस्ट करा.

आता करावयाची कामे ध्यानात ठेवा :

१. तळ्याचा गाळ उन्हाळ्यात काढा, पण जिथून पाणी आत येते तिथला पाणकणीस-लव्हाळ्याचा पट्टा राहू द्या. पाणकणीस फार माजल्यास आलटून पालटून थोडे थोडे कापा.

२. युरिया एकदम न टाकता हप्त्याहप्त्याने द्या. खत दिल्यावर खाचरातले पाणी लगेच बाहेर सोडू नका.

३. फवारणीचा पंप तळ्यात किंवा ओहोळात धुऊ नका. औषधाचे विष पाणथळ पूर्णपणे गाळू शकत नाही. पिण्याचे पाणी उकळूनच घ्या.

४. पावसाळ्यापूर्वी बाहेरकाठा आणि उघाडीची दारे सर्वांनी मिळून तपासा. खेकड्याचे बीळ दिसले तर त्याच दिवशी चिखलाने ठोकून बुजवा.

५. सखल जागेत भराव टाकण्याचा प्रस्ताव आला तर ग्रामसभेत विचारा : इथले पाणी उद्या कुठे जाईल आणि तळ्यात काय येईल?

चिखलाची जागा गेली की तळे गढूळ होते, आणि घागर घेऊन लांब चालावे लागते ते आपल्या घरातल्या बायकांना. एवढे लक्षात ठेवून यंदा तळ्याचा काठ सांभाळा.