जड धातू आणि हृदय



हृदयविकाराची गोष्ट निघाली की तंबाखू, तूप, चिंता आणि बैठे काम यांची झडती सुरू होते. ती व्हावीच. पण ज्याने यांतले काहीही केलेले नाही, त्याच्याही हृदयापर्यंत विकार पाण्यावाटे पोचू शकतो, हे आम्हांस आज सांगावयाचे आहे.

चिली देशात अन्तोफगास्ता नावाचे शहर आहे. पुढे समुद्र, पाठीशी अताकामाचे वाळवंट. पाऊस जवळजवळ नाहीच. १९५८ साली शहरासाठी अँडीज पर्वतातील नद्यांचे पाणी आणण्यात आले. त्यात लिटरमागे आठशे मायक्रोग्रॅमहून अधिक सोमल, म्हणजे आर्सेनिक, होता. आज जागतिक आरोग्य संघटना १० ही मर्यादा सांगते! पाण्यातल्या सोमलाला ना रंग, ना वास. १९७० साली शुद्धीकरण सुरू होईपर्यंत बारा वर्षे लोक ते पाणी प्याले. पुढे मृत्यूच्या नोंदी तपासल्या गेल्या. या सोमलाने फुप्फुसाचा व मूत्राशयाचा कर्करोग झाला खरा, पण तो मागाहून. त्या काळात आणि त्यानंतर लगेच जे जादा मृत्यू घडले, त्यांत सर्वांत मोठा वाटा हृदयविकाराच्या झटक्याचा होता. काही बालकांच्या शवविच्छेदनात धमन्यांच्या भिंती जाड झालेल्या आढळल्या. त्या बालकांना कोणते पथ्य सांगावे?

शिशाची तऱ्हा निराळी. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठवते आणि ते तेथे वर्षानुवर्षे राहते. म्हातारपणी हाडे झिजू लागली की ते पुन्हा रक्तात उतरते. रक्तवाहिन्या ताठर होतात, रक्तदाब वाढतो. पेट्रोलमधील शिसे भारतात २००० साली बंद झाले. त्याआधी रहदारीच्या रस्त्यावर ज्यांचे बालपण गेले, त्यांच्या हाडांत त्याचा अंश आजही असेल.

मग हे धातू औषधाने काढून टाकावेत, असे कोणीही म्हणेल. 'ईडीटीए' नावाचे द्रव्य शिरेतून दिले की ते शिशाला धरून लघवीवाटे बाहेर नेते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १,७०८ रुग्णांवरील प्रयोगाचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. थोडा लाभ दिसला, मधुमेह्यांत अधिक. आशा वाढली. म्हणून मधुमेह्यांवर दुसरा प्रयोग झाला. त्याचा निकाल २०२४ साली आला. रक्तातील शिसे निम्म्याहून अधिक उतरले, पण हृदयाचे आघात काही कमी झाले नाहीत. 'शस्त्रक्रियेवाचून नळ्या साफ' असे सांगून हीच सलाइने विकणाऱ्यांना आम्ही हा निकाल अवश्य विचारू.

आता आपल्या जवळचे. बंगालमध्ये, सीमेच्या दोन्ही बाजूंस, लोकांनी तळ्यातील पाणी सोडून नळविहिरी खोदल्या त्या रोगराई टळावी म्हणून. जमिनीतला सोमल तेथे त्यांच्या वाट्यास आला. बांगलादेशातील पाहणीत असे दिसले की, असे पाणी पिणारा धूम्रपानही करीत असेल तर हृदयविकाराने मरण्याचा धोका दोन्हींच्या बेरजेहूनही वाढतो. अशा भागात कोणी आप्त असतील, तर त्यांना विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्यावयास कळवावे. उकळून सोमल जात नाही. पाणी आटते आणि सोमल तेवढाच उरतो.