भिंत आणि पाट



बुद्धिवादी मंडळी अणुयुद्धाचे, विचार करणाऱ्या यंत्रांचे धोकेच का सांगतात, सुखस्वप्ने का नाही, असे आमची मुले विचारतात. आम्ही म्हणतो, फसलेले स्वप्न पुन्हा रचता येते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटून पुण्यात पूर आला, त्यात गेलेली माणसे परतली नाहीत. शिवाय संकट टाळण्यावर एकमत होते. सुखाचे चित्र ज्याचे त्याचे निराळे असते.

परंतु केवळ भयावर मुले वाढत नाहीत. पुण्यात शिकलेल्या विश्वेश्वरय्यांनी १९०८ च्या महापुरानंतर हैदराबादच्या रक्षणाची योजना आखली, तसाच मंड्याच्या कोरड्या शिवारांसाठी आमचा कृष्णराजसागरही. धरणाची भिंत भक्कम हवीच. पण पाणी कोणत्या शिवारात न्यायचे, हेही आम्ही मुलांना सांगितले पाहिजे.