जाळीच्या पडद्यामागं
(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



आमच्या जुन्या घरात रस्त्याकडच्या खिडकीला आईनं विणलेला क्रोशाचा पडदा होता. अर्ध्या खिडकीपर्यंतचा, दोन मोर आणि खाली कमानी. येणारे-जाणारे त्याचं कौतुक करीत. आतल्या बाईला त्यातून रस्ता दिसे, रस्त्यावरच्यांना ती दिसत नसे. उजेड यावा, वारा यावा, पण बाई दिसू नये, अशी ती सोय होती.

आई हौसेनं विणते, असं मला वाटे. हौस होतीच, ती मी नाकारणार नाही. पण घरात राहिला तो एवढा एकच पडदा. बाकीचे पडदे, तोरणं, रुमाल दुकानदार न्यायचा. दोरा त्याचा, नमुना त्याचा, भावही त्याचाच. दुपारची भांडी आवरली की दिवेलागणीपर्यंत आणि पुन्हा रात्री, साखळ्या नि खांब मोजत आई बसलेली असे. आमच्या शाळेच्या फिया त्यातूनच गेल्या. वडील म्हणत, 'फावल्या वेळातला उद्योग.' आईही तेच म्हणे.

पुढे चळवळीत आल्यावर मारिया मीस यांचं नरसापूरच्या लेस विणणाऱ्या बायांवरचं, १९८२ साली प्रसिद्ध झालेलं पुस्तक वाचलं. नरसापूर आंध्र प्रदेशात, गोदावरी समुद्राला मिळते त्या भागात. तिथं एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी हे विणकाम शिकवलं आणि पुढे त्याचा निर्यातीचा धंदा झाला. एक बाई नुसती फुलं विणते, दुसरी ती जोडते. मध्यस्थ घरोघर दोरा देतो, माल गोळा करतो. मीस यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस हिशेब मांडला, तेव्हा दिवसाचे सहा ते आठ तास विणूनही बाईच्या हाती रुपयासुद्धा पडत नव्हता. शेतावर जाणारी दलित मजूर बाई त्याहून जास्त मिळवत होती.

मग लेस विणणाऱ्या शेतावर का जात नव्हत्या? त्यांतल्या पुष्कळशा कापू जातीच्या. उंबऱ्याच्या आत राहणं हीच तिथं घराण्याची इभ्रत. आपण शेतमजुरणीपेक्षा वरच्या, एवढं समाधान त्यांना मिळे. त्याची किंमत त्यांच्याच मजुरीतून कापली जाई. आणि 'ही कामगार नाही, गृहिणी आहे' असं एकदा ठरलं की व्यापाऱ्याला तास मोजायला नकोत, किमान वेतन द्यायला नको. जात, बाईपण आणि नफा हे तिन्ही एकाच सुईवर विणले गेले होते.

२०२४ मध्ये नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. गावाच्या नावाला मान मिळाला, याचा आनंदच आहे. विणणारीच्या दामाचा प्रश्न मात्र आपल्याला विचारत राहावा लागेल.

आता माझी चूक सांगते. आईच्या शेवटच्या आजारपणात दवाखान्याचा फॉर्म मी भरला. 'व्यवसाय' या रकान्यात लिहिलं, 'गृहिणी'. मीस यांचं पुस्तक वाचलेल्या, घरकामाच्या मोलावर भाषणं देणाऱ्या मी! आईच्या तर्जनीवर सुईनं पडलेला घट्टा मी लहानपणापासून पाहत होते. तरीही माझा हात अडला नाही. पडदा फक्त खिडकीला नसतो, तो आपल्या डोळ्यांवरही असतो.

तो बाजूला सारता येतो. १९६६ च्या कायद्यानं घरी विड्या वळणाऱ्या बायांना कामगार म्हणून ओळख दिली. १९७२ साली अहमदाबादेत 'सेवा' ही स्वतःच्या कष्टावर जगणाऱ्या बायांची कामगार संघटना म्हणून नोंदली गेली. १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं घरखेप कामगारांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही. ती मागणी आपण लावून धरायचीच आहे.

पण उद्या वस्तीत पाहणीला जाल तेव्हा एवढं करा. 'तुम्ही काम करता का?' असं विचारू नका. त्याचं उत्तर 'नाही, घरीच असते' असंच येतं. विचारा, 'बाई, दिवसभरात हातानं काय काय करता? ते कोण नेतं? किती पैसे देतं?' आणि ती जे सांगेल, ते 'व्यवसाय' या रकान्यात लिहा.