वाड्यावरचा हळू आवाज

(कुंभार पिंपळगाव येथील वसंत व्याख्यानमालेत निळू फुले यांच्या गाजलेल्या चित्रपटांवर दिलेले व्याख्यान)



आजचा विषय सिनेमाचा आहे. पण या मातीत बोलायला उभं राहिलं की आधी शेजारचं जांब आठवतं. समर्थ रामदास १६०८ साली तिथं जन्मले. त्यांनी दासबोधात मूर्खांची लक्षणं सांगितली, पढतमूर्खांचीही सांगितली. माणूस कसा चालतो, कसा बोलतो, कुठं फसतो आणि कुठं फसवतो, हे बारकाईनं पाहायचं आणि लोकांसमोर ठेवायचं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. निळू फुले यांनी तेच काम पडद्यावर केलं, असं मी मानतो. त्यांच्या भूमिका एकामागून एक पाहत गेलं, तर गावातल्या सत्तेची लक्षणं कळत जातात. म्हणून आज त्यांच्या सगळ्या चित्रपटांची यादी वाचणार नाही. मोजक्या चित्रपटांबद्दल बोलेन आणि त्यांतून सत्तेची चार लक्षणं तुमच्यासमोर ठेवेन.

निळूभाऊंचा जन्म पुण्याचा. घर गरिबीचं. तरुणपणी त्यांनी पुण्याच्या सशस्त्र दलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलं. झाडांची मनापासून आवड होती. पण त्यांना घडवलं ते राष्ट्र सेवा दलानं. सेवा दलाचं कलापथक गावोगाव जायचं, वगनाट्यं करायचं, हसवता हसवता लोकांना विचार करायला लावायचं. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’मधला त्यांचा रोंग्या लोकांच्या लक्षात राहिला. पुढं ‘कथा अकलेच्या कांद्याची’ हे लोकनाट्य गाजलं. हा नट नाट्यशाळेत शिकलेला नव्हता. गावच्या पारावर, कंदिलाच्या आणि गॅसबत्तीच्या उजेडात, समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते बघत तो शिकला. लोकनाट्यात प्रेक्षक हाताच्या अंतरावर असतो, तिथं खोटं खपत नाही. निळूभाऊंच्या अभिनयात कुठंही जादा काही दिसत नाही, त्याचं मूळ इथं आहे.

१९६८ साली अनंत माने यांचा ‘एक गाव बारा भानगडी’ आला. कथा शंकर पाटलांची. त्यात निळूभाऊ झेले अण्णा झाले आणि त्या एका भूमिकेनं मराठी सिनेमाला नवा माणूस मिळाला. त्याआधीचा खलनायक लांबूनच ओळखू यायचा. मिशांवर ताव, मोठा आवाज, गडगडाटी हसणं. झेले अण्णाचं तसं नव्हतं. तो आपल्यातलाच वाटायचा. सोसायटीच्या ओट्यावर, चहाच्या टपरीवर, पंचायतीच्या पायरीवर भेटणारा. मान थोडी तिरकी, डोळे अर्धे मिटलेले, आवाज घशातल्या घशात. तो ओरडत नसे, कारण ओरडायची त्याला गरजच नसे. पहिलं लक्षण हे: खरी सत्ता हळू बोलते. ज्याला ओरडावं लागतं त्याच्या हातून ती निसटायला लागलेली असते.

या हळू आवाजाची दहशत किती, हे आया-बहिणींना विचारा. जत्रेतल्या तंबूत सिनेमा लागायचा आणि पडद्यावर निळूभाऊ नुसते वळून बघायचे, तरी बायका पदर सावरून बसायच्या, बोटं मोडायच्या. वाड्यावर बोलावणारा माणूस म्हणजे निळू फुले, हे समीकरण महाराष्ट्राच्या बोलण्यात कायमचं रुजलं. प्रत्यक्षातला हा माणूस अत्यंत सभ्य, पुरोगामी, स्त्रियांचा आदर करणारा. लोकांचा राग हीच त्यांच्या कामाची पावती होती. पण त्या बायकांना पडद्यावरचा माणूस ओळखीचा का वाटला, याचाही विचार करू या. बायकांच्या रागात त्यांचा स्वतःचा अनुभव होता. तो अनुभव बोलून दाखवायची सोय घरात नव्हती आणि चावडीवरही नव्हती. तंबूतल्या अंधारात ती मिळाली.

१९७२ साली विजय तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ रंगभूमीवर आलं. दिग्दर्शन कमलाकर सारंग यांचं, चंपा झाल्या लालन सारंग आणि सखाराम निळूभाऊ. नाटकावर मोठं वादळ उठलं, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. सिनेमाच्या व्याख्यानात हे नाटक आणलं, कारण इथं तेंडुलकरांची लेखणी आणि निळूभाऊंचा आवाज एकत्र आले आणि पुढच्या दोन मोठ्या चित्रपटांतही ती सोबत टिकली. माणसातला रानटीपणा आणि त्याच माणसातली माया एकाच श्वासात दाखवायची, हे सखारामनं त्यांच्याकडून करवून घेतलं. व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ही त्याच वर्षीचा. त्यात डॉ. श्रीराम लागू मास्तर होते आणि निळूभाऊही होते. ही जोडी पुढं मराठी सिनेमाला काय देणार आहे, याची तेव्हा कुणाला कल्पना नसेल.

आता ‘सामना’. इथं मी थोडा जास्त थांबणार आहे.

साल १९७४. दिग्दर्शक जब्बार पटेल, निर्माते रामदास फुटाणे, लेखन तेंडुलकरांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं. पुढच्या वर्षी हा चित्रपट बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या स्पर्धेत गेला. तेव्हाचा महाराष्ट्र आठवून पाहा. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला होता आणि त्या वाटेनं पुढं अनेक कारखाने उभे राहिले. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. गावाच्या हाती प्रथमच पैसा आणि अधिकार आला. त्यातून शाळा झाल्या, रस्ते झाले, शेतकऱ्याच्या पोराला नोकरी लागली. हे सगळं खरं आहे आणि मोलाचं आहे. त्याच वेळी या अधिकाराच्या शिखरावर एकेक माणूस बसू लागला. ‘सामना’तला हिंदुराव धोंडे पाटील हा असा माणूस आहे.

त्याच्या वाड्यावर एक दारुडा मास्तर येतो. स्वातंत्र्यलढ्यात होता, आता मोडून पडलाय. ही भूमिका डॉ. लागूंची. हिंदुराव त्याला ठेवून घेतो, खाऊ-पिऊ घालतो, आपलं सगळं साम्राज्य हिंडवून दाखवतो. माळावर उभं केलेलं वैभव दाखवताना निळूभाऊंच्या चेहऱ्यावर जो अभिमान दिसतो, तो खोटा नाही. या माणसानं खरोखर काम केलंय. म्हणून तर तो भयंकर आहे. नुसता चोर असता तर गावानं त्याला कधीच हाकललं असतं. पण ज्यानं विहिरीला कर्ज दिलं, पोराला चिकटवलं, लेकीच्या लग्नाला हातभार लावला, त्याच्याविरुद्ध तोंड कसं उघडायचं? दुसरं लक्षण हे: सत्ता उपकार करते आणि त्या उपकारांची परतफेड म्हणून गप्प बसणं मागते.

मास्तराच्या कानावर एक नाव पडतं, मारुती कांबळे. हा माणूस नाहीसा झालाय. त्याचं काय झालं, एवढंच मास्तर विचारत राहतो. ज्याला त्याला विचारतो, वेळी-अवेळी विचारतो. गाव ऐकून न ऐकल्यासारखं करतं. हिंदुरावला उमगत नाही की या माणसाला हवंय तरी काय. पैसा नको, पद नको, मग विकत घ्यायचा कसा? इथून निळूभाऊंचा अभिनय बघावा. एकेक प्रसंगात तो हळू आवाज थोडा अडखळतो, नजर क्षणभर दुसरीकडे जाते, हसू अर्ध्यावर थांबतं. कुठंही आदळआपट नाही. चित्रपटाच्या शेवटी हिंदुराव आपल्या कर्माला सामोरा जातो, तेव्हा आपल्याला त्याचा तिरस्कार वाटत नाही. आपण एका माणसाचं पतन पाहिलं, असं वाटतं. खलनायकाला एवढी उंची मराठी पडद्यावर त्याआधी क्वचितच मिळाली होती.

पुढच्याच वर्षी, १९७५ ला, ‘शोले’ आला. गब्बरसिंग साऱ्या देशाचा आवडता खलनायक झाला. पण गब्बर गावाबाहेर खडकाळ रानात राहतो, घोड्यावरून येतो आणि लुटून जातो. त्याला मारलं की गाव सुटतं. हिंदुराव गावातच राहतो. तो आपला नातेवाईक असतो, शाळेच्या कार्यक्रमाचा पाहुणा असतो, मयतीला सगळ्यांत आधी येतो. त्याला गोळी घालून प्रश्न सुटत नाही. तिथं मारुती कांबळेचं नाव घेणाराच लागतो.

याच्या पाचेक वर्षांनी, १९७९ साली, याच मंडळींनी ‘सिंहासन’ केला. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, दिग्दर्शन पुन्हा जब्बार पटेल यांचं. मंत्रालयातल्या खुर्चीची ही गोष्ट. मुख्यमंत्री जिवाजीराव झाले अरुण सरनाईक. आता कुणीही म्हणेल, कावेबाज मंत्री निळू फुले असणार. तसं झालं नाही. कट करणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे झाले डॉ. लागू आणि निळूभाऊ झाले पत्रकार दिगू टिपणीस. ‘सामना’त लागू प्रश्न विचारत होते आणि निळूभाऊ सत्तेत होते. ‘सिंहासन’मध्ये दोघांनी जागा बदलल्या. ही अदलाबदल मला फार मोलाची वाटते. सत्ता कुणा एका चेहऱ्याची, जातीची किंवा बोलीची मालमत्ता नाही. धोतर-टोपीतला पाटील गेला आणि शुद्ध मराठी बोलणारा अर्थमंत्री आला, तरी खेळ तोच राहतो.

दिगू सगळ्यांकडं जातो. मंत्र्यांच्या दिवाणखान्यात बसतो, कामगार पुढाऱ्याशी बोलतो, टेलिफोनवर बातम्या जुळवतो. त्याला सगळं ठाऊक आहे आणि त्याच्या हातात काहीच नाही. निळूभाऊंनी इथं आपली सगळी ओळखीची हत्यारं खाली ठेवली. दरारा नाही, तिरकी नजर नाही. थकलेला, शहाणा, बघत राहणारा माणूस. शेवटी सगळी उलथापालथ होऊन पुन्हा तेच लोक त्याच खुर्च्यांवर बसतात, तेव्हा दिगू वेड लागल्यासारखा हसत सुटतो. तिसरं लक्षण इथं आहे: सत्ता नुसता पाहत बसणाऱ्याला आतून पोखरते. सगळं कळूनही काही न करणं माणसाला झेपत नाही.

याच काळात, १९७७ साली, जब्बार पटेल यांच्या ‘जैत रे जैत’मध्ये ते ठाकरवाडीतले भगत झाले. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट. वाड्यातला पाटील करणारा नट डोंगरातल्या भगताच्या श्रद्धेशी इतका एकरूप होऊ शकतो, यावरून त्यांचा पल्ला कळतो. हिंदीत ‘कुली’मध्ये ते होते. पण १९८४ चा महेश भट्ट यांचा ‘सारांश’ आवर्जून पाहा. मुंबईतल्या निवृत्त हेडमास्तरांच्या घराला धाक दाखवणारा राजकारणी गजानन चित्रे ही भूमिका निळूभाऊंची. समोर अनुपम खेर यांचा म्हातारा मास्तर. गावच्या वाड्यातली सत्ता शहरातल्या फ्लॅटच्या दारात येऊन उभी राहिली, तरी आवाज तोच, हळू. फरक एवढाच की एक म्हातारा माणूस तिला नकार देतो. चौथं लक्षण ते नकाराचं: सत्तेला राग, शिव्या आणि मोर्चेही पचतात. शांतपणे नाही म्हणणारा एकटा माणूस पचत नाही.

आणि मग शेवट. नागेश भोसले यांनी दिग्दर्शित केलेला ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’, साल २००९. मकरंद अनासपुरे सोबत. विषय शेतकऱ्याच्या हलाखीचा. हा निळूभाऊंचा अखेरचा चित्रपट. त्याच वर्षी १३ जुलैला ते गेले. झेले अण्णापासून इथपर्यंतचा प्रवास एका ओळीत मांडला, तर त्यात चाळीस वर्षांतला आपला महाराष्ट्र दिसतो. पंचायतीतल्या भानगडी, कारखान्याचं वैभव, मंत्रालयातला खेळ आणि शेवटी कर्जात बुडालेला शेतकरी. गोदाकाठच्या, कधी कालव्याच्या पाण्यावर तर कधी दुष्काळाच्या तोंडात जगणाऱ्या आपल्या भागाला यातलं काहीच परकं नाही.

आता त्यांच्या जगण्याबद्दल थोडं सांगतो. ते आयुष्यभर सेवा दलाचे कार्यकर्ते राहिले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि डॉ. लागूंच्या बरोबर उभे राहिले. चळवळीत पूर्णवेळ काम करणाऱ्यांच्या घरची चूल पेटती राहावी म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभारायचा ठरला. तेव्हा आचार्य अत्र्यांचं ‘लग्नाची बेडी’ घेऊन डॉ. लागू, तनुजा आणि निळूभाऊ महाराष्ट्रभर फिरले. प्रयोगांचा पैसा कार्यकर्त्यांसाठी गेला. १९९१ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, पण राहणी साधीच राहिली. सत्तेची लक्षणं ज्यानं इतकी जवळून रंगवली, त्यानं स्वतःच्या आयुष्यात तिच्यापासून अंतर राखलं.

लोक विचारतात, इतका सज्जन माणूस इतका वाईट कसा दिसू शकला? मला वाटतं, सज्जन होता म्हणूनच दिसू शकला. ज्याला अन्यायाची चीड असते तोच अन्यायाकडं नीट बघतो. अन्याय करणारा कसा बसतो, सुपारी कशी कातरतो, गरिबाशी बोलताना नजर कुठं ठेवतो, हे सगळं बघणाऱ्याच्या मनात कोरलं जातं. निळूभाऊंनी सूड म्हणून ते रंगवलं नाही. समजावं म्हणून रंगवलं.

जाता जाता एक मागणं आहे. या गावात एका संध्याकाळी पडदा लावा आणि ‘सामना’ सगळ्यांनी मिळून बघा. लेकी-सुनांना पुढच्या रांगेत बसवा. सिनेमा संपल्यावर लगेच उठू नका, तासभर बोला. आपल्या गावात कुणाचं नाव घ्यायला आपण कचरतो, कोणत्या उपकारापोटी गप्प बसतो, यावर बोला. आणि ग्रामसभेची हाक येते, तेव्हा घरी बसू नका. तिथं कुणीतरी उठून सरळ प्रश्न विचारायला हवा. विचारणाऱ्याच्या मागं दुसऱ्यानं, तिसऱ्यानं उभं राहायला हवं. ‘सामना’तला मास्तर एकटा होता. आपल्या गावातला मास्तर एकटा पडू देऊ नका. या नटाचं ऋण फेडायचा याहून चांगला मार्ग मला दिसत नाही.