चंद्रकुपी आणि सत्तर हात

चंद्रकुपी म्हणजे चिनी मातीची गोल, चपटी सुरई. पांढऱ्यावर निळी वेलबुट्टी. जिंगदेजेनचे कारागीर तिचे दोन अर्धे साच्यात काढून जोडीत. नीट निरखले तर कडेचा सांधा कळतो. कोबाल्टचे चित्र आधी, झिलई वरून, मग भट्टी. तेथील एकेक भांडे सत्तर कामगारांच्या हातांतून जाते, असे फ्रेंच पाद्री दांत्रकोल यांनी १७१२ साली लिहिले. तळाशी मुद्रा असते ती मात्र बादशहाच्या कारकिर्दीची!

थोर संग्राहक पर्सिव्हल डेव्हिड १८९२ साली आपल्या मुंबईत जन्मले. वडील सूतकापडाचे मोठे व्यापारी. त्यांच्या संग्रहातील सुमारे १,७०० वस्तू ब्रिटिश म्यूझियमला देण्याचे २०२४ साली जाहीर झाले. संग्रहाला त्यांचे नाव आहे. असावे, गृहस्थ जाणकार होते. पण तो सांधा जुळवणाऱ्याचे नाव मला कोणी सांगेल काय? आमची नावे निदान गिरणीच्या मस्टरवर तरी होती.