हात लावून बघितलंस का?

(दहावी १९९६ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय सुचवला होता, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपण’. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि अमेरिकेत राहते, म्हणून सुचवला असणार. पण त्या विषयावर तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर रोज इतकं येतं की माझ्याकडे सांगण्यासारखं नवीन काही नाही. म्हणून मी विषय बदलून मागितला. आज मी तुम्हाला बोट कशी ओढायची ते सांगणार आहे. बोट म्हणजे हाताचं नव्हे, पाण्यातली. हसू नका. शेवटी यात आपली प्रयोगवही येणार आहे आणि माझी एक कबुलीसुद्धा.

मी मिशिगन राज्यात राहते. पाच महासरोवरांपैकी चार या राज्याला लागून आहेत आणि आतल्या भागात ११ हजारांहून जास्त तळी आहेत. तिथे बोट असणं म्हणजे फार श्रीमंती नाही. आम्ही २४ फुटी, इंजिनाची, जुनी बोट घेतली. घेताना बोटीचं इंजिन जाणकाराकडून तपासून घेतलं. ती ज्या ट्रेलरवर बसली होती, त्या चार चाकांच्या सांगाड्याकडे मात्र कोणी ढुंकूनही बघितलं नाही. पुढची सगळी गोष्ट त्या ट्रेलरची आहे.

पहिल्याच उन्हाळ्यात हायवेवर ताशी १०० किलोमीटरच्या आसपास वेग गेला आणि मागचा ट्रेलर डावीकडे-उजवीकडे डुलायला लागला. कुत्र्याने शेपटी हलवावी तसा, फक्त इथे शेपटी कुत्र्याला हलवत होती. अशा वेळी ब्रेक दाबावासा वाटतो आणि तो जोरात दाबायचा नसतो. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. हे मी वाचलेलं होतं, म्हणून निभावलं.

घरी आल्यावर कारण शोधलं, तर ते माझ्या आजोबांना ठाऊक होतं. बैलगाडीत माल मागे जास्त भरला की गाडी उलाळते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त भरला की बैलांचे खांदे सुजतात. ट्रेलरचंही तेच आहे. एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार पुढे, गाडीला जोडतात त्या टोकावर यायला हवा. आमचं बोट, ट्रेलर, पेट्रोल आणि सामान धरून वजन भरलं २,८०० किलो. ते आम्ही ट्रकवाल्यांच्या वजनकाट्यावर केलं. रांगेत उभी असताना मला कारखान्यावरच्या उसाच्या गाड्या आठवल्या. पुढच्या टोकावर भार होता फक्त १७० किलो. कारण नांगर, बर्फाची पेटी, जादा बॅटरी असं सगळं मी बोटीच्या मागच्या भागात टाकलं होतं. सामान पुढे आणलं, बोट ट्रेलरवरच थोडी पुढे सरकवून बांधली, भार २८० वर आला आणि डुलणं थांबलं. तरफ आणि टेकू आपण सातवी-आठवीत शिकलो होतो. मी तो धडा परीक्षेपुरता ठेवला होता.

दुसरा बिघाड मात्र मला माझ्या कामाची आठवण देणारा होता. आमच्या घरासमोरची वाट चढाची आहे. एका रविवारी ट्रेलर रिव्हर्समध्ये वर चढवत होते, तर तो अडून बसला. चाकं जागच्या जागी घट्ट. शेजारी म्हणाले, ब्रेक जाम झाले, चाकं खोला. मी आधी ब्रेक चालतात कसे ते बघितलं. या ट्रेलरच्या ब्रेकला वेगळा पेडल नसतो. पुढची गाडी हळू झाली की मागचा ट्रेलर जडत्वाने पुढे रेटतो, त्या रेट्याने जोडणीतला दट्ट्या दाबला जातो आणि तेल चाकांच्या ब्रेककडे जातं. हुशार युक्ती आहे. पण चढावर मागे ढकलतानाही तसाच रेटा बसतो आणि ब्रेक लागतात! म्हणून त्यात एक विजेची झडप असते. रिव्हर्सचा दिवा लागला की त्याच वायरीतून तिला वीज मिळते आणि तेल दुसऱ्या वाटेने परत फिरतं. म्हणजे चाकं खोलायच्या आधी ही वीज पोचते का, हे बघायला हवं. दहा रुपयांच्या दिव्याइतक्या साध्या टेस्टरने बघितलं. पोचत नव्हती. जोडणीच्या प्लगमधली पाचवी पिन हिरवी पडली होती. सँडपेपरने घासली आणि ट्रेलर निमूटपणे वर चढला.

यावर मी ऑफिसमध्ये बरीच फुशारकी मारली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बिघाड दिसतो तिथेच असतो असं धरून चालायचं नाही, असं ज्युनिअर मुलांना ऐकवलं. फोनमध्ये तपासणीची यादीही केली. बोटीच्या तळाचं पाणी जायचं बूच लावलं का, साखळ्या खालून एकमेकींवरून फिरवून अडकवल्या का, पट्टे आवळले का, दिवे लागतात का, टायरमध्ये हवा आहे का, हब तपासले का. एकूण १९ कलमं. प्रत्येकासमोर चौकोन, आणि टिक केली की तो हिरवा होतो.

आता कबुली.

एका शुक्रवारी संध्याकाळी आम्ही उत्तरेकडे बर्ट लेकला निघालो होतो. घरापासून चारशेहून जास्त किलोमीटर. ऑफिसमुळे उशीर झाला होता. मी स्वयंपाकघरात डबे भरत होते आणि माझी चौदा वर्षांची मुलगी अंगणातून यादी मोठ्याने वाचत होती. “आई, हब. हात लावून बघितलंस का?” मी आतूनच म्हणाले, “हो, कर टिक.”

बघितलं नव्हतं. याहून वाईट म्हणजे, दोन आठवड्यांपूर्वी मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं मला दिसलं होतं. मी ते फडक्याने पुसून टाकलं होतं.

ते ग्रीस काय सांगत होतं, ते थोडक्यात सांगते. चाकाच्या हबमध्ये दोन बेअरिंग असतात, ग्रीसमध्ये बसवलेली, आणि मागच्या बाजूला रबराचं सील. लांबून ओढत आणल्यावर हब गरम झालेला असतो. आपण तसाच ट्रेलर थंडगार पाण्यात मागे नेऊन बोट उतरवतो. हब एकदम गार होतो, आतली हवा आकसते आणि सील झिजलेलं असेल तर तिथून पाणी आत ओढलं जातं. मग ग्रीस ताकासारखं पांढरट होतं, बेअरिंग गंजतं, आणि पुढच्या खेपेला गंजलेलं बेअरिंग तापत जातं. म्हणून अर्ध्या तासाने थांबून चारही हबना हात लावायचा असतो. कोमट असतील तर ठीक. एकच हब इतरांपेक्षा तापलेला असेल, हात ठेववत नसेल, तर तिथेच थांबायचं. त्या दिवशी मी अर्ध्या तासाने थांबले नाही. कारण सगळे चौकोन हिरवे होते.

आय-७५ या हायवेवर ग्रेलिंग गावाच्या अलीकडे मागून एक ट्रकवाला सारखे दिवे मारायला लागला. मुलगी म्हणाली, “आई, कसलातरी जळका वास येतोय.” आरशात बघितलं तर डाव्या बाजूने धूर. हळूहळू कडेला घेतलं. हबची टोपी उडून गेली होती, बाहेरच्या बेअरिंगचा चुरा झाला होता आणि चाक तिरकं होऊन कसंबसं आसावर टिकून होतं. अजून थोडं गेलो असतो तर ते सुटलं असतं. हायवेवर सुटलेलं चाक कुठे जाईल हे कोणाच्या हातात नसतं. आमच्या मागे गाड्या होत्या, त्यांत मुलंबाळं होती.

मेकॅनिक यायला तीन तास लागले. माझ्या विम्यात गाडी होती, ट्रेलर नव्हता. त्याने ते चाक काढलं, आसाचं टोक साखळीने वर बांधलं आणि उरलेल्या तीन चाकांवर, चालण्याच्या वेगाने, आम्हाला जवळच्या एक्झिटला उतरवलं. ते तीन तास आम्ही दोघी कठड्यापलीकडे गवतात बसलो होतो. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “मला तू टिक करायला का सांगितलंस? मी केली ना ती.”

तिला वाटत होतं, खोटी टिक तिची होती.

तेव्हा मला दहावीची प्रयोगवही आठवली. ओहमचा नियम. साहित्य, कृती, निरीक्षणे, अनुमान. आमच्या गटाचा अ‍ॅमीटर बिघडला होता आणि मधली सुट्टी जवळ आली होती. मी उत्तर आधी ठरवलं आणि त्यावरून पाच निरीक्षणं उलटी बसवली. विभवांतर भागिले विद्युतधारा, पाचही ओळींत अगदी तेच. बाईंनी लाल पेनाने शेजारी लिहिलं होतं, ‘निरीक्षणे इतकी सुंदर कशी?’ आणि सही केली. मी ते कौतुक समजले आणि घरी आईला दाखवलं.

बाई, तुम्ही इथे समोर बसला आहात म्हणून सांगते. ती निरीक्षणं मी घेतली नव्हती. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, हे मला हायवेच्या कडेला बसल्यावर, जवळजवळ तीस वर्षांनी कळलं. मुलीलाही मी त्या रात्री हे सगळं सांगितलं. टिक माझी होती, हे आधी सांगितलं.

आता आमच्या यादीत हबसमोर चौकोन नाही. चार रिकाम्या जागा आहेत. करोनात कपाळावर धरायचे तसला बंदुकीसारखा तापमापक मुलीकडे असतो. निघाल्यावर अर्ध्या तासाने थांबतो, ती चारही हबचं तापमान घेते आणि आकडे लिहिते. दर वसंतात बेअरिंग काढून, धुऊन, नवं ग्रीस आणि नवी सील घालतो. तेही दोघी मिळून करतो आणि कोपरापर्यंत काळ्या होतो.

मागच्या उन्हाळ्यात एकदा तिला फोन आला म्हणून आकडे मी घेतले. चारही ठिकाणी ४१ अंश आले. मी खरंच मोजले होते. तिने कागद बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि तापमापक घेऊन पुन्हा खाली उतरली.

मला राग आला नाही. बाई, तुमची आठवण आली.

कोणी मिशिगनला आलात तर बोटीत जरूर बसवीन. मात्र निघायच्या आधी एका हबला हात तुम्हालाही लावावा लागेल.