चुन्याची पुडी, नळाचे पाणी आणि डोळ्याची कड



सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांतून तुम्ही आला आहात. आज विषय डोळ्याचा आहे, पण सुरुवात चुन्यापासून करतो. अब्बांच्या खिशात तंबाखूबरोबर चुन्याची पुडी असते. दादीच्या पानाच्या डब्यात चुना असतो. ईदच्या आधी भिंतींना लावायला कळीचा चुना भिजत घातला जातो. गुऱ्हाळात आणि साखर कारखान्यात उसाचा रस स्वच्छ करायलाही चुनाच वापरतात. म्हणजे आपल्या भागात चुना कुठे नाही, असे विचारावे लागेल.

तीच पुडी लहान मुलाच्या हातात पडते. ते ती दाबते, पुडी फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. अशी मुले नेत्ररुग्णालयांत येत राहतात.

ॲसिड वाईटच, पण पुष्कळदा ते पृष्ठभागावरची प्रथिने गोठवते आणि तो थर त्यालाच थोडा अडवतो. चुना हा अल्कली आहे. तो पेशींच्या आवरणातल्या चरबीचा साबण करतो आणि आत शिरत जातो. चुन्याचा कण पापणीखाली अडकला, तर जळणे थांबतच नाही.

आता डोळ्याकडे पाहा. समोरचा पारदर्शक भाग म्हणजे पारपटल, डॉक्टर त्याला कॉर्निया म्हणतात. त्याच्यावरची पातळ त्वचा सतत झिजते आणि नवी येते. ही नवी त्वचा येते कुठून? पारपटल आणि डोळ्याचा पांढरा भाग जिथे मिळतात, तिथे एक अरुंद कड आहे. तिला लिंबस म्हणतात. तिथल्या मूळपेशी जन्मभर नवी त्वचा पुरवतात. शेताच्या बांधावरच बियाण्याचे कोठार असावे, तसे.

चुन्याने ही कड जळाली की कोठार संपते. मग पांढऱ्या भागावरची त्वचा रक्तवाहिन्यांसह पारपटलावर चढते. काच धुरकट होते, डोळा दुखतो, पाणी गळते. अशा डोळ्यावर नुसते दुसऱ्याचे पारपटल बसवले, तर त्याच्यावर त्वचा धरत नाही आणि ते टिकत नाही. कितीतरी घरांनी पैसे खर्चून हा अनुभव घेतला आहे.

1989 मध्ये केनियन आणि त्सेंग या डॉक्टरांनी चांगल्या डोळ्याच्या कडेचा मोठा तुकडा काढून जळालेल्या डोळ्यावर लावण्याची पद्धत मांडली. पण एवढा तुकडा काढला तर चांगल्या डोळ्याचे काय, ही धास्ती होती. 1997 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी छोट्या तुकड्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्या डोळ्यावर लावल्या. त्यातून तयार झालेल्या उपचाराला युरोपात 2015 मध्ये मान्यता मिळाली. पण अशी प्रयोगशाळा फार खर्चाची. ती प्रत्येक गावात कुठून येणार?

उत्तर हैदराबादहून आले. एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतले डॉ. वीरेंद्र सांगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये सोपी पद्धत जाहीर केली. चांगल्या डोळ्याच्या कडेचा साधारण दोन मिलिमीटर लांब-रुंद तुकडा घ्यायचा. त्याचे बारीक कण करायचे. बाळंतपणात वारेबरोबर येणारा पातळ पडदा जळालेल्या डोळ्यावर अंथरायचा आणि त्यावर ते कण खास गोंदाने चिकटवायचे. पेशी डोळ्यावरच वाढतात, प्रयोगशाळा लागत नाही. या पद्धतीने उपचार केलेल्या 125 रुग्णांचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे 76 टक्के डोळ्यांत पृष्ठभाग चांगला टिकला. त्यांतली जवळजवळ निम्मी मुले होती.

पण मी खोटी आशा दाखवणार नाही. चारांतल्या एका डोळ्यात यश येत नाही. पेशी स्वतःच्याच दुसऱ्या डोळ्यातल्या असतात, म्हणून तो डोळा चांगला हवा. दोन्ही जळाले असतील तर नातेवाईकाच्या किंवा मृत दात्याच्या पेशी लागतात आणि शरीराने त्या नाकारू नयेत म्हणून जड औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. आतला पारपटल फारच गढूळ झाला असेल, तर पुढे नेत्रदानातून मिळालेले पारपटलही लागते. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने 1988 मध्ये अवयव प्रत्यारोपणाला अटींसह परवानगी दिली आहे. सगळ्या उलेमांचे यावर एकमत नाही. म्हणून हा विषय घरात, जिवंतपणी, शांतपणे बोलून ठेवा. मृत्यूनंतर साधारण सहा तासांत डोळे काढावे लागतात, तेव्हा वाद घालायला वेळ नसतो.

आणि "स्टेम सेलचे इंजेक्शन घ्या, कोणतेही अंधत्व घालवा" अशा जाहिरातींपासून लांब राहा. मी सांगितलेला उपचार फक्त डोळ्याच्या पृष्ठभागाचा आहे. मज्जातंतू सुकला असेल तर त्याचा उपयोग नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. हे सगळे उपचार दुसरी संधी आहेत. पहिली संधी पहिल्या काही मिनिटांत असते आणि ती डॉक्टरांच्या नाही, तुमच्या हातात असते.

डोळ्यात चुना, ॲसिड, काहीही उडाले की त्याच क्षणी पाण्याने धुवा. मोहल्ल्यात वजूखान्याचे नळ जवळ असतात, तिथे न्या. पापण्या बोटांनी उघड्या धरा, मूल रडले तरी धरा, आणि किमान वीस-तीस मिनिटे पाणी सोडत राहा. दिसतील ते कण पाण्याने वाहू द्या. डोळा चोळू नका. लिंबू, दूध, तूप, गुलाबपाणी, सुरमा काही घालू नका. जमजमवर आपली श्रद्धा आहे, दुआ जरूर करा, पण दोन थेंबांनी चुना निघत नाही. त्याला बादलीभर पाणी लागते. मग थेट नेत्रतज्ज्ञाकडे. तो पापणी उलटून अडकलेले कण काढेल. खर्चाची चिंता असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला योजनेबद्दल विचारा. ॲसिडहल्ला झाला असेल, तर सरकारी वा खासगी, कोणत्याही रुग्णालयाने मोफत उपचार देणे कायद्याने बंधनकारक आहे.

आज घरी गेल्यावर एक काम करा. अब्बांची पुडी आणि दादीचा डबा लहानांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. फळीवरचे ॲसिड पाण्याच्या बाटलीत असेल तर ओतून द्यायला सांगू नका, बाटलीवर ठळक खूण करा आणि उंचावर, कुलपात ठेवा. अब्बा रागावतील. रागावू द्या. नातवाचे डोळे त्यांनाही प्यारे आहेत.